सात पावलांवरून पाठवलेला मेसेज

प्रमिलाच्या दारापासून समोरच्या सबाच्या दारापर्यंत सात पावलं. आठवं टाकायला गेलं तर सबाच्या चपलांच्या रॅकला ठेच लागते. पंधरा वर्षांत ही सात पावलं आपण किती वेळा टाकली, हे प्रमिलाने कधी मोजलं नव्हतं. स्वयंपाकघरातून हॉलमध्ये किती वेळा गेलो हे कुणी मोजतं का? पण ऑक्टोबरातल्या त्या मंगळवारी तिने तेवढ्याशा अंतरावरून सबाला व्हॉट्सॲपवर मेसेज पाठवला.

'सबा, कुछ लगे तो बताना. वी आर हिअर फॉर यू.' पुढे जोडलेले दोन हात.

मेसेज पोचला, निळ्या खुणा उमटल्या, आणि थोड्या वेळाने उत्तर आलं. 'शुक्रिया ताई.' प्रमिलाने फोन ओट्यावर ठेवला आणि राहिलेली भेंडी चिरायला घेतली. आपण अगदी शहाण्यासारखं वागलो असं तिला त्या वेळी वाटलं होतं. हेच तिला पुढे फार लागलं.

प्रमिला मूळची सांगलीची. मानसशास्त्र घेऊन बी.ए. झालेली. 'माणसाचं मन मी पुस्तकात शिकलेय,' असं ती गमतीने म्हणायची, आणि तिचे यजमान प्रकाशराव म्हणायचे, 'म्हणूनच माझं कळत नाही तुला.' लग्न होऊन शारजात आली. मुलगा निनाद बारावीला असताना तिथली जागा सोडून दोघांनी शेजारच्या अजमानला बिऱ्हाड हलवलं. प्रकाशराव शारजातल्या एका मालवाहतूक कंपनीत, त्यामुळे रोज सकाळी पावणेसातला ट्रॅफिकच्या नावाने बोटं मोडत निघायचे. ते गेले की पाचव्या मजल्यावरच्या त्या फ्लॅटमध्ये प्रमिला आणि एसीचा आवाज.

समोर सबा आणि अक्रमभाई. हैदराबादचे. अक्रमभाई जवळच्याच एका टायपिंग सेंटरमध्ये बसत. व्हिसाचे, एमिरेट्स आयडीचे, भाडेकराराचे अर्ज अरबीत टाईप करून द्यायचे. अख्ख्या बिल्डिंगीतल्या माणसांच्या जन्मतारखा त्यांना पाठ. त्यांची एकुलती मुलगी अफनान लग्न होऊन रियाधला गेली, निनाद शिकायला अमेरिकेला गेला, आणि दोन्ही घरांत नवरा-बायको तेवढी उरली. मग सकाळचे अकरा वाजले की सबा यायची. बेल वाजवायची पद्धतच नव्हती. बांगडीने दारावर दोनदा टकटक करायची आणि सरळ आत. दिवसा कडी कुणीच लावत नसे.

दोन्ही घरांत एक डबा फिरायचा. प्रमिलाच्या लग्नातला, स्टीलचा, झाकणावर नाव घातलेलं: 'चि. सौ. कां. प्रमिला हिस आत्याकडून.' पहिल्यांदा त्यातून पुरणपोळ्या गेल्या तेव्हा सबाने झाकण न्याहाळून विचारलं होतं, 'ये आत्या कौन जी?'

'पापा की बहन.'

'अच्छा, फुप्पी!'

तेव्हापासून त्या डब्याचं नावच फुप्पी पडलं. 'फुप्पी तुम्हारे पास है क्या?' 'कल भेजी ना मैं फुप्पी को, भूल गए?' फुप्पी कधी रिकामी परत जायची नाही. जाताना थालीपीठ, येताना जर्दाळूंचा खुबानी का मीठा. प्रमिला शाकाहारी, म्हणून सबाने फुप्पीला कधी मटणाचा वासही लागू दिला नाही. अफनानच्या लग्नातला भात असो नाहीतर ईदचा शीरखुर्मा, फुप्पी आधी वेगळी भरायची आणि मगच बाकीच्या भांड्यांकडे वळायचं, हा सबाचा नियम.

आणि एक गोष्ट प्रमिला विसरूच शकत नव्हती. तिची आई गेली तेव्हा तिचा पासपोर्ट व्हिसाच्या स्टँपिंगला गेलेला होता. प्रकाशराव फोनवर फोन करत होते, ऑफिसचा माणूस नुसता 'इन्शाल्ला' म्हणत होता. अक्रमभाईंनी काही विचारलं नाही. पायात चपला सरकवल्या, अर्जाची पावती घेतली आणि निघाले. सबानेही काही विचारलं नाही. आली, प्रमिलाला पलंगावर बसवलं, चहा पाजला, फ्रीजमधलं नासलेलं काढून टाकलं, बॅग भरली. दुपारी साडेतीनला अक्रमभाई घामाने निथळत पासपोर्ट घेऊन परत आले. 'खलास ताई, हो गया,' एवढंच म्हणाले. आई दिसली नाही, पण तिसऱ्या दिवशीच्या आत प्रमिला सांगलीत होती.

तर अशी ही सात पावलं.

या वर्षी एप्रिलमध्ये प्रमिला सहा महिन्यांसाठी निनादकडे, ओहायोला गेली. निनाद आणि सून शुभ्रा दोघंही नोकरी करणारी, नात पर्णिका सहा वर्षांची. प्रमिलाने अमेरिका डोळे भरून पाहिली. प्लंबर आल्यावर त्याला 'सर' म्हणणारी माणसं, वाचनालयात रांगत शिरणारी बाळं, चौकात सिग्नल बंद पडला तरी एकेक करून जाणाऱ्या गाड्या. रोज संध्याकाळी ती वहीत टिपून ठेवायची. पहिले पंधरा दिवस तर भाजीच्या दुकानात ती डॉलरचे दिरहम आणि दिरहमचे रुपये करून कोथिंबीर परत ठेवायची, आणि पर्णिका म्हणायची, 'आज्जी, स्टॉप डुइंग मॅथ.'

दुसऱ्याच आठवड्यात तिने शिरा केला आणि वाटी घेऊन शेजारच्या घराची बेल वाजवून आली. संध्याकाळी शुभ्रा कसनुसं हसत म्हणाली, 'आई, रागावू नका हं. पण इथे असं न सांगता जात नाहीत. आधी टेक्स्ट करायचं. लोकांना त्यांची स्पेस लागते.'

'अगं, शिरा द्यायला कसली स्पेस?'

'तसं नाही. आणि कुणी आजारी असलं ना, तरी जाऊन बसायचं नाही. नुसतं म्हणायचं, काही लागलं तर सांगा. लागलं की ते सांगतात. कुणावर ओझं नको.'

शुभ्रा वाईट नव्हती. बिचारी सकाळी सातपासून लॅपटॉपसमोर. तिला खरोखरच कुणी न सांगता आलेलं परवडणारं नव्हतं. प्रमिलाला आधी वाईट वाटलं, मग पटलं, आणि मग चक्क आवडायला लागलं. दुपारभर कुणी येत नाही, कुणी कुणाच्या सासूचं रडगाणं सांगत नाही, आपण, आपला चहा आणि खिडकीतलं झाड. सहा महिन्यांत तिला त्या शांततेची चटक लागली.

मधेच एकदा तिला ताप आला. शुभ्रा आणि निनाद ऑफिसात होते. तेव्हा शेजारची डोलोरेस, अठ्ठ्याहत्तर वर्षांची, पूर्वी शाळेची बस चालवणारी, मागच्या दाराने सरळ आत आली. ना टेक्स्ट, ना फोन. हातात काचेचं मोठं भांडं, त्यात चीज घालून भाजलेल्या शेवया आणि कोंबडी. भांड्याच्या बुडाला पांढरी पट्टी चिकटवून त्यावर पेनने स्वतःचं नाव लिहिलेलं. तिने प्रमिलाच्या कपाळाला हात लावला, पांघरूण सारखं केलं, पर्णिकाच्या उन्हाळी शिबिराच्या बसच्या वेळेला जाऊन तिला घेऊन आली. भांड्यातलं काही प्रमिलाला खाता येण्यासारखं नव्हतं. निनादने थोडं खाल्लं, बाकीचं टाकून दिलं. शुभ्रा म्हणाली, इथे भांडं रिकामं दिलं तरी चालतं. तेव्हा घासून, पुसून, रिकामंच परत केलं.

सप्टेंबरच्या शेवटी प्रमिला अजमानला परतली. दुसऱ्या दिवशी अकराला दारावर टकटक. सबा! हातात फुप्पी, फुप्पीत डबल का मीठा, तळलेल्या पावाचा हैदराबादी गोड पदार्थ.

'आ गए मेरी अमरीका वाली! कित्ते दुबले हो गए जी. वहाँ खाना नै देते क्या?'

सबा दोन तास बसली. सहा महिन्यांचं सगळं सांगायचं होतं तिला. प्रमिलाचे डोळे मिटत होते, तिकडची रात्र अजून डोळ्यांत होती. सबा उठायला लागली तशी प्रमिला म्हणाली, 'सबा, आगे से ना, आने के पहले एक फोन करना हाँ. कभी मैं सोयेली रहती.'

सबाने विचारलं, 'फोन?' मग हसली. 'हौ जी. ठीक है.'

प्रमिलाने डबल का मीठा दुसऱ्या भांड्यात काढला, फुप्पी घासली आणि वरच्या कपाटात ठेवून दिली. भरून पाठवू, असं त्या वेळी मनात होतं. मग उद्यावर, परवावर गेलं. सबाने एक-दोनदा फोन केला, प्रमिला एकदा आंघोळीत होती, एकदा खरंच झोपलेली होती. मग फोन आला नाही. दुपार शांत झाली. प्रमिलाने वही काढून ओहायोच्या टिपणांचा लेख लिहायला घेतला.

आणि मग तो मंगळवार. अकराच्या सुमारास बाहेर गडबड ऐकू आली. प्रमिला दारापाशी गेली, भिंगाच्या भोकाला डोळा लावला. स्ट्रेचर. त्यावर अक्रमभाई, तोंड एका बाजूला ओढलेलं. ॲम्ब्युलन्सचे दोघं जण, मागे सबा, डोक्यावरचा दुपट्टा उलटा आणि पायांत दोन वेगवेगळ्या चपला. प्रमिलाचा हात कडीवर गेला. हो, अलीकडे ती दिवसासुद्धा कडी लावत होती. कडीवर हात ठेवून ती उभी राहिली. आत्ता जावं का? अशा वेळी माणसांना त्यांची स्पेस हवी असते. आपण मधे जाऊन काय करणार? लिफ्ट आली. लिफ्ट गेली.

मग तिने तो मेसेज केला.

पॅरालिसिसचा झटका होता. उजवी बाजू आणि वाचा गेली. बारा दिवसांनी अक्रमभाई घरी आले. अफनान आठवडाभर येऊन गेली. प्रमिलाने आणखी दोन मेसेज केले, एक सफरचंदांची टोपली अ‍ॅपवरून पाठवली. सबाचं उत्तर दर वेळी तेवढंच, 'शुक्रिया ताई.' काही लागलं असतं तर तिने सांगितलं असतं, असं प्रमिला स्वतःला सांगत राहिली. खरं कारण थोडं वेगळं होतं आणि ते तिला आतून माहीत होतं. आधी आळस होता. मग उशीर झाला होता. उशीर झाल्यावर जायला तोंड लागतं, आणि ते तिच्याकडे नव्हतं.

नोव्हेंबरात मीनाक्षीने तिचं भाषण ठेवलं. मीनाक्षी म्हणजे अजमान-शारजातल्या मराठी बायकांच्या कट्ट्याची सर्वेसर्वा. विषय, 'अमेरिकेने मला काय शिकवलं'. मीनाक्षीच्या हॉलमध्ये तीसेक बायका, बटाटेवडे, उसना आणलेला माईक. प्रमिला चाळीस मिनिटं बोलली आणि छान बोलली. तिसऱ्या मुद्द्याला टाळ्या पडल्या. 'आपण माणसांच्या घरात घुसतो, बायांनो! तिथे आधी विचारतात. मदतसुद्धा लादत नाहीत, विचारतात.' आणि डोलोरेसचा किस्सा तर तिने रंगवून सांगितला. 'मी तापाने फणफणलेली, आणि ही बाई माझ्या नाकाखाली झाकण उघडते. आत काय? चक्क कोंबडी! मी म्हटलं, ताप परवडला!' बायका हसून हसून लोळल्या. मीनाक्षीने गुच्छ दिला. 'पमाताई, हे सगळं आपल्या वार्षिक अंकासाठी लिहून द्यायचं. यल्ला, चला लागा कामाला, आठवडाभरात हवं.'

गुच्छ घेऊन प्रमिला घरी आली. खालच्या मजल्यावर लिफ्टचं दार बंद होता होता कुणीतरी पाय घातला. सबा. हातांत सुपरमार्केटमधून आणलेले रिकामे खोके, एकात एक घातलेले, हनुवटीपर्यंत.

'अरे सबा! कार्टन कायकू?'

'जा रहे जी हम. हैदराबाद. हमेशा के लिए.' सबा लिफ्टच्या आकड्यांकडे बघत होती. 'इनका काम तो खलास. काम नै तो व्हिसा नै. अगले हफ्ते का टिकट है.'

'मेरेकू बताया क्यों नहीं?'

'आप बिझी रहते ना, प्रमिलाजी.'

आप. प्रमिलाजी. पंधरा वर्षं ती 'तुम' होती आणि 'ताई' होती. पाचवा मजला आला. सबाने 'आप पहले' म्हणून तिला वाट दिली, पाहुण्याला द्यावी तशी. आणि स्वतःचं दार उघडून, खोके आत ढकलून, लावून घेतलं. आतून कडीचा आवाज आला.

प्रकाशराव आले तेव्हा प्रमिला गुच्छ मांडीवर घेऊन तशीच बसलेली.

'समोरचे चाललेत,' ती म्हणाली.

'हो. पुढच्या बुधवारी.'

'तुम्हांला माहीत होतं?'

'अगं, परवा व्हीलचेअर लिफ्टमध्ये मीच तर घातली. डॉक्टरकडे न्यायचं होतं. त्याआधी हॉस्पिटलातही दोनदा जाऊन आलो.' ते बुटांच्या नाड्या सोडत होते. 'तुला म्हटलं होतं, चल. तू म्हणालीस, त्यांना विश्रांती घेऊ दे.'

'तुम्ही आधी फोन करून गेलात?'

प्रकाशरावांनी मान वर करून तिच्याकडे पाहिलं. 'फोन कशाला? समोर तर आहेत.'

त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं.

थोड्या वेळाने निनादचा नेहमीचा व्हिडिओ कॉल आला. तिकडे सकाळ, पर्णिका सीरियल खात होती. भाषण कसं झालं, शुभ्राने विचारलं. 'झालं,' प्रमिला म्हणाली. पर्णिका मधेच तोंडात चमचा ठेवून म्हणाली, 'आज्जी, मिस डोलोरेस केम यस्टरडे. शी आस्क्ड, इज युवर ग्रँडमा ऑल बेटर नाऊ?'

'मला काय झालंय?'

'युवर फीव्हर!'

'अगं, तो जुलैतला ताप...'

'शी रिमेंबर्स एव्हरीथिंग.' पर्णिका खांदे उडवून म्हणाली. 'अँड शी सेड, डिड यू लाइक द नूडल्स.'

'तू काय सांगितलंस?'

'आय सेड येस.'

प्रमिलाने फोन ठेवला. दोन दिवसांचा ताप, चार महिन्यांपूर्वीचा, सात समुद्रांपलीकडचा. तो त्या बाईच्या लक्षात होता. आणि आपण? त्या बाईच्या घरचं अन्न टाकलं, भांडं रिकामं परत केलं, आणि आज दुपारी माईकवर तिची नक्कल करून तीस बायकांना हसवलं. न विचारता आली होती ती. अमेरिकेतलीच होती. अमेरिकेने दोन्ही शिकवलं होतं, प्रमिला, तू त्यातलं सोयीचं तेवढं वहीत उतरवून घेतलंस. आणि त्याला नाव काय दिलंस? स्पेस.

दुसऱ्या दिवशी प्रकाशराव गेल्यावर तिने स्टूल घेतलं आणि वरच्या कपाटातून फुप्पी काढली. झाकणावर धुळीचा पातळ थर होता. पंधरा वर्षांत फुप्पीवर धूळ बसायला कधी वेळच मिळाला नव्हता. तिने मऊ भात शिजवला, पेजेच्या जरा अलीकडचा, वरून तूप आणि मेतकूट. अक्रमभाईंना मेतकूट फार आवडायचं. 'वो पीला पाउडर है क्या ताई,' म्हणत दाराशी यायचे.

सात पावलं. बांगडीने दोनदा टकटक केली. काहीच नाही. कडी आतून लावलेली, तिला आधी माहीत होतंच. तिने बेल वाजवली. या दाराची बेल कशी वाजते, हे ती आज पहिल्यांदाच ऐकत होती.

सबाने दार उघडलं. केस विस्कटलेले, बाह्या वर केलेल्या. तिची नजर प्रमिलाच्या तोंडावर थांबलीच नाही, थेट डब्यावर गेली.

'फुप्पी को फुरसत मिल गई?'

प्रमिलाने वाटभर मनाशी जुळवलेली वाक्यं त्या एका प्रश्नात वाहून गेली.

'सबा, मेरा चुक गया,' ती म्हणाली. मग वाटलं, एवढ्यावर भागणार नाही. 'उस दिन मैं दरवाजे के पीछे खडी थी. छेद में से देख रही थी. स्ट्रेचर जा रहा था, तुम जा रहे थे. मैं देखती रही और दरवाजा नहीं खोला.'

'मालूम है.'

प्रमिलाने दचकून वर पाहिलं.

'दरवाजे के नीचे से तुम्हारे पाँव का साया दिखरा था,' सबा म्हणाली. आवाज चढला नव्हता. 'मैं सोची, अब खुलेगा. लिफ्ट आने तक सोचती रही, अब खुलेगा. फिर मोबाइल पे आया, कुछ लगे तो बताना.' तिने घसरलेली बाही वर सारली. 'क्या बताती जी मैं? क्या लगता मेरेकू? मेरेकू तो वो दरवाजा खुलना था.'

आत हॉलमध्ये काहीतरी घसरलं, पाठोपाठ घशातून आलेला आवाज झाला. सबाने मागे वळून पाहिलं.

'अब यहीच खडे रहते क्या? अंदर आव. इनकू सीधा बिठाना है, मेरे अकेली से नै होता. उधर से पकडो.'

हॉलमध्ये खोके, गुंडाळलेला गालिचा, भिंतीवर फोटो काढल्याचे चौकोन. पलंगावर अक्रमभाई एका बाजूला कलंडलेले. प्रमिलाने एका काखेत हात घातला, सबाने दुसऱ्या. 'एक, दो,' सबा म्हणाली, आणि दोघींनी मिळून त्यांना वर ओढलं. माणूस केवढा हलका झाला होता! इतके दिवस सबा हे एकटीने करत होती. सात पावलांवर एक धडधाकट बाई बसून ओहायोची टिपणं नीट लिहून काढत होती.

प्रमिलाने भात कालवला, चमच्याने भरवायला घेतला. पहिला घास तोंडाच्या कोपऱ्यातून बाहेर आला. सबाने पुसला. दुसरा थोडा आत गेला. अक्रमभाईंचे डोळे वाटीतल्या पिवळ्या रंगावर गेले, मग प्रमिलाकडे. डावा हात जरा उचलून ते काहीतरी म्हणाले. शब्द असा नव्हताच, नुसता आवाज. ज्या माणसाने हजारो लोकांच्या अर्जांत एक अक्षर चुकू दिलं नव्हतं, त्याचं एक अक्षर आज तिला लागत नव्हतं.

'क्या बोलते सबा?'

सबाने कान जवळ नेला. पुन्हा ऐकलं. मग तिच्या तोंडावर पहिल्यांदाच जुन्या सबाची एक रेष आली.

'पूछरें, अमरीका कैसी थी. घर आए तबसे पूछरें. मैं बोली, आएँगे तो पूछ लेना.'

प्रमिलाने चमचा वाटीत ठेवला. आदल्या दिवशी चाळीस मिनिटं माईकवर बोललेली ती, पण तिला आता एक वाक्य सुचेना. वहीतले सगळे मुद्दे डोळ्यांसमोरून गेले आणि एकही या पलंगापाशी सांगण्याजोगा नव्हता.

'वहाँ एक बाई थी, अक्रमभाई,' ती शेवटी म्हणाली. 'बाजू में. बुढ्ढी. पहले बस चलाती थी. मेरेकू बुखार आया, तो वो पिछले दरवाजे से सीधा अंदर आ गयी. बिना पूछे.'

'फिर?' सबाने विचारलं.

'फिर मैं उसका बर्तन खाली वापस की.'

'हाय अल्ला,' सबा म्हणाली. 'खाली?'

'खाली.'

सबाच्या त्या 'खाली?' मध्ये जे होतं, ते तीसही बायकांना कळलं नव्हतं.

पुढचे सहा दिवस प्रमिला रोज गेली. न विचारता. खोके बांधले, औषधांच्या पुड्या वेळेप्रमाणे वेगळ्या केल्या, अक्रमभाईंना दिवसातून चार वेळा उठवून बसवलं. सबा पुन्हा 'तुम' म्हणायला लागली, 'ताई' मात्र एखाद्याच वेळी, चुकून आल्यासारखं. पूर्वी ती मधेच हसून प्रमिलाच्या गुडघ्यावर थाप मारायची, तशी थाप काही आली नाही. प्रमिलाने वाट पाहिली नाही असं नाही. पण मागितलीही नाही. मीनाक्षीला तिने कळवलं, लेख देते पण भाषणातला नाही, दुसरा देते. आणि निनादला सांगितलं, डोलोरेसकडे शिरा घेऊन जा. शुभ्रा म्हणाली, 'आई, टेक्स्ट करून जाऊ ना?' प्रमिला म्हणाली, 'तुला वाटेल तसं जा गं. पण पर्णिकाला घेऊन जा, आणि भांडं भरलेलं असू दे.'

बुधवारी सकाळी टॅक्सी खाली आली. प्रकाशराव व्हीलचेअर घेऊन अक्रमभाईंबरोबर लिफ्टने खाली गेले. सबा मागे राहिली. रिकाम्या फ्लॅटच्या दारात उभी राहून तिने पिशवीतून फुप्पी काढली आणि प्रमिलाच्या हातात दिली. जड लागली. प्रमिलाने झाकण उघडलं. आत काठोकाठ साखर, वर मुंग्या लागू नयेत म्हणून दोन लवंगा.

'किचन में बस येइच बचा था,' सबा म्हणाली. 'खाली कैसे देती?'

प्रमिलाने तिला मिठी मारली. सबाने मारू दिली, एक हात तिच्या पाठीवर ठेवला, थोडा वेळ ठेवला आणि काढून घेतला. 'चलती ताई. इनकू नीचे धूप लगती होगी.'

लिफ्ट आली. या वेळी प्रमिला तिच्याबरोबर खाली गेली.

वर परत आली तेव्हा समोरचं दार वॉचमनने कुलूप लावून बंद केलेलं होतं. चपलांचा रॅकही गेला होता. आठवं पाऊल टाकलं तरी आता ठेच लागणार नव्हती. तिने फुप्पी ओट्यावर ठेवली. चहाचं आधण ठेवलं, साखरेसाठी हात पुढे केला, मग मागे घेतला आणि बरणीतली साखर घेतली.

प्रकाशराव ऑफिसला निघताना म्हणाले, 'दार लावून घे. एसी चालू आहे.'

'राहू दे जरा,' प्रमिला म्हणाली.

अकरा वाजून गेले तरी दार उघडंच होतं.